आठ बटणं, एक चहा

"…मग आठही बटणं चहाच का मागतात, सर?"

तांबोळी सर खाली वाकून कुणाचे तरी बूट खणात सरकवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"चहा वाईट असतो का?"

"सर, आठवडाभर तोच चाललाय. अप्पांनी 'पाणी' दाबलं की चहा. 'औषध' दाबलं की चहा. 'पाय दुखतोय' दाबलं तरी चहाच."

"आणि 'पुरे' दाबलं की?"

ऋजुता जरा थांबली.

"…चहा."

मला हसू आवरेना. समोरच्या दुकानात बसून दुसऱ्याच्या दुःखावर हसू नये, हे कळतं मला. पण हसलो.

माझं नाव मारुती फुलारी. टेकडीवरच्या दर्ग्याच्या वाटेला, पायऱ्यांच्या पहिल्या टप्प्यावर माझं दुकान आहे. फुलं, मजारीवर घालायचे गलेफ, ऊद, साखरफुटाणे. माझ्या बरोब्बर समोर चपला ठेवायची जागा. तिथं दर गुरुवारी तांबोळी सर बसतात. तंत्रनिकेतनात तीस वर्षं त्यांनी पोरांना कॉम्प्युटर शिकवला. निवृत्त झाले आणि लोकांच्या चपला सांभाळायला येऊन बसले. काही जण त्यांना फकीर म्हणतात. सरांना त्याचं काही नाही. चप्पल द्या, बिल्ला घ्या, एवढंच त्यांचं बोलणं.

जुने विद्यार्थी मात्र शोधत येतात. त्यातलीच ही ऋजुता चौगुले. पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. महिन्याच्या रजेवर गावी आली होती, ती वडिलांसाठी.

तिचे वडील म्हणजे गणपतराव चौगुले. आमच्या भागातल्या कुस्तीच्या मैदानांचा आवाज. भोंगा बंद पडला तरी गणपतरावांचा पुकारा शेवटच्या रांगेत बसलेल्याला ऐकू जायचा. दोन पैलवान नुसते हात झटकत उभे असले, तरी हा माणूस अशी काही कुस्ती सांगायचा की लोक उठून उभे राहायचे. मी स्वतः उभा राहिलोय.

चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. समजतं सगळं, वाचता येतं, पण जीभ वळत नाही. डाव्या हाताने लिहितात ते त्यांचं त्यांनाच लागत नाही.

म्हणून पोरीने लॅपटॉपवर एक खिडकी तयार केली. तिच्यात आठ मोठी बटणं. डाव्या बोटानं बटण दाबायचं आणि लॅपटॉपने तो शब्द बोलायचा. आवाज ऋजुताचाच, आधी भरून ठेवलेला.

किती चांगली गोष्ट. आणि झालं काय, तर गणपतरावांनी उशी मागितली की त्यांच्या बायकोनं कपबशी आणून ठेवायची. मशीन खोटं कशाला बोलेल, असं त्या माउलीचं म्हणणं. परवा एका दिवसात अकरा कप झाले.

"गोड?" सरांनी विचारलं.

"काय?"

"चहा."

"बिनसाखरेचा. आजारी माणसाला तोच बरा."

"डॉक्टर म्हणाले?"

"नाही, मीच म्हणाले. सर, चहाचं सोडा ना. ते बटणांचं बघा."

सरांनी बूट नीट लावले. टाचा आत, चवडे बाहेर.

ऋजुताने लॅपटॉप चपलांच्या फळीवर ठेवला होता, दोन कोल्हापुरींच्या मधोमध. तिला त्याचं वाईट वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"खरं सांगू का सर, हे काम पोरखेळ आहे. मी तिकडे चाळीस माणसं सांभाळते."

"मग आठ बटणं सांभाळ."

ती लाल झाली.

ती पहिल्यांदाच अडली होती असं नाही. मागच्या गुरुवारीही आली होती, तेव्हाचा घोळ वेगळा. खिडकी उघडली रे उघडली, की कुणी हात लावायच्या आत लॅपटॉप घडाघडा बोलायचा. पाणी, औषध, पंखा, उशी, पाय दुखतोय, खिडकी, पुरे, चहा. एका दमात. आणि मग मुका. बटणं किती का दाबा, हूं नाही की चूं नाही. गणपतराव त्या दिवशी हसले होते म्हणे. आजारपणात पहिल्यांदा.

तेव्हा सरांनी माझ्याकडून मूठभर साखरफुटाणे घेतले आणि तिच्या तळहातावर ओतले. ती बोलता बोलता खाऊन मोकळी झाली. मग सरांनी तितकेच फुटाणे मला पुडीत बांधायला लावले. पुडी तिच्या हातात दिली.

"ही घरी जाऊन उघड."

ती पुडीकडे बघत राहिली. मग रिकाम्या तळहाताकडे.

"…मी बटणाला काम सांगितलंच नाही. बटण बनवतानाच उरकून टाकलं."

सर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले होते.

त्या दिवशी घरी जाऊन तिनं प्रत्येक बटणाला कामाची पुडी बांधून दिली. बटण दाबलं की पुडी सुटायची. झालं, बटणं बोलायला लागली. फक्त आठही एकच बोलायला लागली.

"आठ बटणं मी हाताने नाही बनवली सर," ऋजुता आता सांगत होती. "शब्दांची यादी दिली. एकेक शब्द घ्यायचा, बटण बनवायचं, पुडी बांधायची, पुढचा शब्द. कुठं चुकलं? बटणांवरची नावं तर बरोबर येतायत. 'पाणी' लिहिलंय आणि 'चहा' म्हणतंय. मला वाटतं लॅपटॉपच बिघडलाय."

"हं."

"सर, खाली रिक्षात अप्पा बसलेत."

सरांनी आता वर पाहिलं.

मीही मान लांब केली. पायऱ्यांच्या खाली, चिंचेखाली रिक्षा उभी होती. आत पांढरा सदरा दिसत होता.

"आईला गलेफ घालायचा होता म्हणून आलो. अप्पांनी काल लॅपटॉप डाव्या हाताने ढकलून दिला आणि तोंड भिंतीकडे केलं. मी म्हटलं, अप्पा, आज एकदाच. आज नाही जमलं तर पुन्हा तुमच्यासमोर आणणार नाही. त्यांनी डोळे मिटले. डोळे मिटले म्हणजे हो." ती थांबली. "उद्या मी पुण्याला चाललेय सर."



मला फार वाईट वाटलं. ज्या माणसानं आख्ख्या मैदानाला बोलतं केलं, त्यानं भिंतीकडे तोंड करावं…

सरांनी खाली हात घातला आणि बिल्ल्यांचा डबा पायाने बाकाखाली सारला. झाकण लावून.

मग भिंतीवरची पाटी काढली. दर्ग्याच्या मंडळाच्या सूचना लिहायची छोटी पाटी. ती पुसून समोर टांगली.

"बस इथं. आठ माणसं येऊ देत."

"सर, मला वेळ नाही."

"आठ माणसं," सर म्हणाले.

पहिला आला तो नवाकोरा नवरदेव, बायकोला पुढे घालून. सरांनी त्याच्या चपला पहिल्या खणात ठेवल्या. पाटीवर खडूने लिहिलं, एक.

"बिल्ला?"

"आज बिल्ले नाहीत. तुमचा नंबर पाटीवर आहे. परत येताना बघा."

त्यानं पाटी पाहिली, मान हलवली, आणि गेला.

बायकोच्या चपला दुसऱ्या खणात. सरांनी बाहीने एक पुसला आणि दोन लिहिलं.

मला वाटलं, म्हातारा गेला कामातून. मी ओरडून सांगणार होतो, पण सरांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी फुलांवर पाणी मारायला घेतलं.

तिसरे एक मास्तर. चौथा गवंडी, पायाला चुना लागलेला. मग दोघी मायलेकी. मग एक हवालदार, सुट्टीवरचे, पण बूट ड्यूटीचे. प्रत्येकाला सरांनी तेच सांगितलं, तुमचा नंबर पाटीवर आहे, परत येताना बघा. आणि प्रत्येक वेळी आधीचा आकडा बाहीने पुसला.

शेवटी एक म्हातारी आली. तिच्या रबरी सपातीला पट्ट्याच्या जागी पिन लावलेली. ती आठव्या खणात.

पाटीवर आठ राहिला.

सर बसले. ऋजुता चुळबुळ करत होती. खाली चिंचेकडे बघत होती, मग लॅपटॉपकडे. पाटीकडे काही तिचं लक्ष नव्हतं.

थोड्या वेळाने मंडळी उतरू लागली.

नवरदेवाने पाटी पाहिली. "आठ नंबर द्या."

सरांनी आठव्या खणातली पिनेची सपाती काढून त्याच्यासमोर ठेवली.

"ही माझी नाही."

"पाटीवर काय आहे?"

"आठ."

"हा आठ."

तोवर त्याची बायको आली. तिनंही पाटी पाहिली. "माझा आठ." मास्तर आले. त्यांनी चष्मा पुसून पाटी वाचली आणि आठ नंबर मागितला. गवंडी आठ म्हणाला. मायलेकी एकमेकींकडे बघून आठ म्हणाल्या. हवालदार मागून आले आणि सगळ्यांच्या डोक्यावरून हात लांब करून म्हणाले,

"आवो सर, आठ माझा हाय."

सरांनी त्यांनाही तीच सपाती दाखवली.

हवालदारांनी ती हातात घेतली. उलटी करून पाहिली. पिन चाचपली.

"ही माझी न्हाई," ते फार विचार करून म्हणाले, "पण नंबर माझाच हाय."

मी पोट धरून खाली बसलो. अशी मजा मी इतक्या गुरुवारांत पाहिली नव्हती. सात माणसं अनवाणी, सगळ्यांचा नंबर एकच, आणि सगळी खरं बोलणारी.

एवढ्यात म्हातारी टेकत टेकत उतरली. तिनं पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"आन ती हिकडं. कुणी घेतली माझी सपाती?"

हवालदारांनी ती दोन्ही हातांनी तिच्या पायाशी ठेवली.

आणि मग लोक चिडले. चिडणारच की. मास्तर म्हणाले, हा काय प्रकार आहे. गवंडी थेट फळीवरच चढायला निघाला.

सरांनी ऋजुताकडे हात केला.

"हिला विचारा."

ऋजुता उठली. जरा तणतणतच उठली. पण माणसं अनवाणी उभी, करते काय. ती एकेकाला विचारत गेली. तुम्ही पहिले आलात ना, मग तुमचा एक. बाई तुमचा दोन. मास्तर, तुम्ही कुणाच्या मागून आलात?

पाचव्या खणाशी तिचा हात थांबला.

ती हळूहळू वळली आणि पाटीकडे बघू लागली.

"…नंबर प्रत्येकाचा वेगळा होता."

सरांनी बाहीवरचा खडू झटकला.

"पण नेला कुणीच नाही. सगळ्यांनी परत येऊन बघितला. आणि परत येईस्तोवर पाटीवर…"

"ताई, माझी चप्पल तेवढी," मायलेकींतली माय म्हणाली.

ऋजुताने तिला चप्पल दिली. कुणाची दिली देव जाणे, दुसऱ्या क्षणी लेकीने ती बदलून घेतली. तिचं लक्ष आता तिथं नव्हतं.

"आठ पुड्या बांधल्या मी," ती म्हणाली. स्वतःशीच म्हणाली. "पण शब्द एकाही पुडीत घातला नाही. पुडीत नुसती चिठ्ठी, की पाटीवर काय आहे ते बघ आणि बोल. यादी संपली तेव्हा पाटीवर शेवटचा शब्द राहिला. चहा."

सरांनी बाकाखालून पायाने डबा बाहेर ओढला. झाकण उघडलं. एक पत्र्याचा बिल्ला काढून तिच्या हातावर ठेवला आणि तिची मूठ मिटली.

"जातानाच," ऋजुता म्हणाली. "येताना नाही. जातानाच हातात द्यायचा."

ती हसायला लागली. हसत हसतच चपलांच्या फळीवर वाकली, कोल्हापुरी बाजूला सारली आणि टकटक केलं. एवढ्या मोठ्या घोळाला किती काम लागलं म्हणाल? एक ओळ. त्या ओळीतही चार-सहा अक्षरं. पुडी बांधतानाच तिनं त्या त्या बटणाचा शब्द आत टाकला.

मग तिनं 'पाणी' दाबलं.

"पाणी," लॅपटॉप म्हणाला.

'पंखा' दाबलं. पंखा. 'उशी' दाबलं. उशी.

गवंड्याने चप्पल घालता घालता विचारलं, "खिडकी म्हनतंय का?"

"खिडकी," बटण दाबताच लॅपटॉप म्हणाला.

"लई भारी," गवंडी म्हणाला, आणि त्याचा सगळा राग गेला.

ऋजुता लॅपटॉप उघडाच छातीशी धरून पायऱ्या उतरली. सर तिच्या मागे. आणि मी दुकान हवालदारांच्या भरवशावर टाकून सरांच्या मागे. मला राहवेना.

रिक्षात गणपतराव कोपऱ्याला टेकून बसले होते. बायको शेजारी. लॅपटॉप दिसताच त्यांनी मान वळवली, पलीकडे, चिंचेच्या बुंध्याकडे.

"अप्पा," ऋजुता म्हणाली.

मान वळली नाही.

"अप्पा, चूक माझी होती. तुमची नाही, मशीनची पण नाही. माझी."

मी त्या पोरीला बरीच वर्षं ओळखतो. हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

गणपतरावांनी मान वळवली. तिच्याकडे बघितलं. मग डोळे मिटले.

म्हणजे हो.

तिनं लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. डावा हात वर आला. बोट 'पाणी'वर टेकलं.

"पाणी," लॅपटॉप म्हणाला.

त्यांच्या बायकोने आपसूक चहाच्या गाड्याकडे हात केला होता. तो तसाच राहिला. "अगं बाई," ती म्हणाली, "पानी म्हनाले."

बोट 'औषध'वर गेलं. औषध. 'उशी'वर. उशी. रिक्षात कुठली उशी, पण बायको इकडे तिकडे शोधायला लागली. बोट 'पंखा'वर. पंखा. रिक्षावाल्याने मान मागे वळवून पाहिलं. गणपतरावांच्या डाव्या गालाला खळी पडली. माणूस आता मजा घेत होता. 'खिडकी', 'पाय दुखतोय', 'खिडकी', पुन्हा 'खिडकी'. मैदानात दोन जोड्या एकदम लागल्या की त्यांचा पुकारा असाच धावायचा, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.

"अहो पुरे की," बायको म्हणाली.

"पुरे," लॅपटॉप म्हणाला.

आम्ही सगळे हसलो. गणपतरावांच्या घशातूनही काहीतरी आलं, जाडंभरडं, तुटकं. ते हसणंच होतं. ऋजुता रडत होती आणि ते लपवायचं तिला भान नव्हतं. माझेही डोळे भरून आले. का खोटं बोलू.

"आता खरं खरं सांगा अप्पा," ती डोळे पुसत म्हणाली. "खेळ नको. काय हवंय तुम्हाला?"

बोट बटणांवरून फिरलं. पाणी ओलांडलं. औषध ओलांडलं. सगळं ओलांडून शेवटच्या बटणावर जाऊन थांबलं.



"चहा," लॅपटॉप म्हणाला.

ऋजुताने सरांकडे पाहिलं.

"सर… आठवडाभर हेच तर म्हणत होतं. कप समोर आला की ढकलून देत होते. आज तोच चहा. मग मी दुरुस्त काय केलं?"

सर गणपतरावांकडे बघत होते. गणपतराव सरांकडे. दोघंही गालात हसत होते, आणि मला उगीच वाटलं की आपण मध्ये उभं राहू नये.

"आणते, आत्ता आणते," ऋजुता म्हणाली आणि चिंचेपलीकडच्या चहाच्या गाड्याकडे धावली. निम्म्या वाटेवरूनच तिनं हात वर करून हाक दिली. "एक चहा द्या, बिनसाखरेचा."

"ऋजुता…"

सरांनी आवाज चढवला नव्हता. तरी ती थांबली. वळली.

"साखर किती, ते विचारलंस?"